भिवाजीनं बसवलेलं शेवटचं सील

तर मुंग्यांपर्यंत आलो होतो आपण. काल तुम्हाला मंगरूळपीरची एसटी धरायची होती, म्हणून मुंग्या तशाच राहिल्या ट्रॉलीवर.

जो काल नव्हता त्याच्यासाठी दोन शब्द मागचे सांगतो. वाशीमच्या एका धान्य गोदामात मी काट्यावर बसायचो. आलेला ट्रक मोजायचा, गेलेला मोजायचा, मधल्या वेळात लोकांच्या गोष्टी ऐकायच्या. तिथल्या हमालांच्या टोळीला मालकानं दोन पिवळ्या हातट्रॉल्या आणून दिल्या. दोन लांब लोखंडी जिभा, खाली चाकं, पुढं दांडा. पोती रचायचा जो लाकडी पाट असतो, ज्याला सगळे पॅलेट म्हणतात, त्याच्याखाली जिभा सारायच्या, दांडा हापशीसारखा वरखाली करायचा, की वीस-बावीस पोती एका झटक्यात जमिनीवरून टीचभर उचलली जातात. टीचभरच. पण पाठीवर पोती वाहून ज्याचे मणके झिजले, त्याला विचारा त्या टीचेची किंमत.

दोन वर्षांत एक ट्रॉली बसायला लागली. उचलावी, अन् पाच मिनिटांत ती आपली आपण खाली. टोळीतल्या रामकिसननं निदान केलं की तेल कमी पडलं. घरून सोयाबीन तेलाची पिशवी आणली आणि ओतली आत. थंडी पडली तसं ते तेल चिकट झालं, बाहेर पाझरलं, त्यावर धान्याचा भुसा बसला, आणि लागली मुंग्यांची रांग. लोखंडाला मुंग्या! मी सत्तरी ओलांडली, असलं दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

तेव्हा भिवाजी आला. खाली बसला, बोट लावलं, वास घेतला.

"रामकिसन, भजे तळाचे होते का बावा हिच्यात?"

"तेल ते तेल, भाऊ. आपल्याच वावरातलं हाय, मिलावट नाई."

"मंग उद्यापासून तू डोक्याले ग्रीस लावत जाय."

टोळी हसून हसून पोत्यांवर पडली. भिवाजी मात्र हसता हसता पाना लावून पंप खोलायलाही लागला होता. त्याचं तसंच होतं. तोंड एकीकडे, हात दुसरीकडे, आणि दोघांचंही काम चोख.

हा भिवाजी अनसिंगकडचा. मूळचा हापशी दुरुस्त करणारा. हातपंपाच्या आत पूर्वी चामड्याचं वाशर असायचं, ते झिजलं की पाणी वर चढत नाही. भिवाजीनं तरुणपणी अशी किती वाशरं कापली याचा हिशेब नाही. एकदा एका गावात ऐन लग्नाच्या दिवशी हापशी बंद पडली. स्वयंपाकाला पाणी नाही, वरात वेशीवर आलेली, आणि भिवाजीच्या पिशवीतलं चामडं संपलेलं. त्यानं मांडवात नजर फिरवली. नवरीच्या बापाच्या पायात कोरी करकरीत चामडी चप्पल.

"मामा, जरा चप्पल द्या."

"कायले?"

"इज्जत वाचवाची हाय."

मामांना वाटलं कोणाला हाणायची असेल. त्यांनी खुशीनं दिली! भिवाजीनं तिचा तळ कापला, वाशर केलं, पाणी आलं. मामा दिवसभर अनवाणी वऱ्हाड्यांच्या पाया पडत फिरले, आणि वऱ्हाडी म्हणाले, केवढा नम्र माणूस आहे.

पुढं गावोगावी नळ आले आणि हापशा गंजल्या. भिवाजी पोटासाठी गोदामात आला, हमाल म्हणून. पण ती बसकी ट्रॉली पाहिली आणि त्याच्या लक्षात आलं की ही आपली हापशीच आहे, फक्त पाण्याच्या जागी तेल. अकोल्याच्या दुकानदारानं सांगितलं होतं की अख्खा पंप बदला. मालक ट्रॉली भंगारात काढायला निघाला होता. भिवाजीनं पंप उघडला, सोयाबीन तेल धुऊन काढलं, आणि आतून बांगडीएवढी एक रबरी कडी काढून तळहातावर धरली. तिला सील म्हणतात. तेवढी एक कडी झिजली की हजार किलोचा भार पेलत नाही.

तीच कडी खिशात घालून तो अकोल्याला गेला, बेअरिंगच्या दुकानांतून हिंडला, मापाला माप लावून नवी आणली, आणि बसवली. ट्रॉली उभी राहिली. तेव्हापासून वाशीमच्या गोदामांतल्या, दालमिलमधल्या, जिथं जिथं ट्रॉली बसली तिथल्या लोकांना भिवाजी ठाऊक झाला. हमालाचा तो मिस्त्री झाला.

आता सील बसवण्यातली एक खुबी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या कडीच्या एका बाजूला बारीक ओठ असतो. तो ओठ तेलाकडे आला पाहिजे. तेलाचा दाब पडला की ओठ फाकतो, भिंतीला घट्ट धरतो, आणि तेल निसटत नाही. उलटं बसलं, तर थोडा वेळ टिकल्यासारखं करतं आणि मग ऐन भाराखाली दगा देतं. काळी कडी, काळा ओठ, आणि बसवायची ती पंपाच्या अंधाऱ्या खोबणीत. डोळ्यांनी तिथं काही दिसत नाही. भिवाजी अंगठ्याच्या पेरानं ओळखायचा. एकदा अंगठा फिरवायचा, मान हलवायची, बसवायची.

आणि तरीही त्याची एक शिस्त होती. सील बसवलं की तो ट्रॉलीवर बावीस पोती चढवायचा, भार उचलायचा, जिभेच्या उंचीला खांबावर खडूनं रेघ मारायचा, आणि सावलीत जाऊन भाकर खायचा. भाकर खाऊन, पाणी पिऊन, तंबाखू मळून परत यायचा. जीभ रेघेवर असली तर ट्रॉली पास. बोटभर जरी उतरली असली तर पुन्हा खोलायचा. तोवर कोणी हात लावायचा नाही. कितीही ट्रक उभे असोत.

इंद्रभान त्याला चिडवायचा, "याची भाकर संपेपर्यंत सोयाबीनले मोड येतीन."

इंद्रभान म्हणजे भिवाजीचा लहानपणापासूनचा सोबती. एकाच गावचे, एकाच वर्गात बसलेले. टोळीत जड काम पुढं होऊन करणारा. दोघं एका सायकलवर गोदामात यायचे, पुढं म्हातारपणी एका मोटरसायकलवर. चालवायचा इंद्रभान, आणि मागं बसून रस्ता सांगायचा भिवाजी, जणू इंद्रभानला रस्ता ठाऊकच नाही.

भिवाजीला शुगर होती. ती कितीक वर्षांपासूनची. गोळ्या घ्यायचा, चहा बिनसाखरेचा प्यायचा, आणि बायको भागिरथा समोर नसली की एखादी जिलबी खायचा. शुगरनं काय काय होतं ते तो हसत सांगायचा. एक गोष्ट मात्र त्यानं कोणालाच सांगितली नाही. एकदा काट्यावर माझ्यासमोर बसून त्यानं उकळता चहा स्टीलच्या पेल्यातून घेतला. मी पेल्याला बोट लावून चटकन मागं घेतलं. तो तसाच धरून गप्पा मारत बसला. घटकेनं बोटावर फोड दिसला तेव्हा त्यानं हात खिशात घातला. मी पाहिलं. त्यानं मी पाहिलेलं पाहिलं. दोघांनीही पावसाचा विषय काढला. मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो.

गेल्या हंगामातली गोष्ट. दिवाळी तोंडावर, सोयाबीनचे ट्रक रस्त्यापर्यंत उभे, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिलेले, आणि नेमकी तेव्हा ट्रॉली बसली. भिवाजीनं सकाळी सील बदललं. मी काट्याच्या खिडकीतून पाहत होतो. त्यानं अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा फिरवला. मग मान हलवली आणि बसवलं.

बावीस पोती चढली. भार उचलला. भिवाजीनं खिशातून खडू काढला, तेवढ्यात इंद्रभान आला.

"ठेव तो खडू, मास्तर. ट्रक पाह्य किती हायेत."

"भाकर खाऊ दे मले. मंग ने."

"अरे, वीस वर्षांत एकडाव तरी तुही रेघ चुकली का? तुह्या हाताची परीक्षा घेऊन राह्यला तू, का आमच्या जिवाची?"

"इंद्रभान, थांब म्हनतो ना."

"तुह्या हातावर माहा भरोसा हाय. तुहाच नसन तं सांग."

यावर भिवाजी काय बोलणार होता? बोलायचं तर खरं बोलावं लागलं असतं. तो खडू हातात धरून उभा राहिला, आणि इंद्रभान ट्रॉली ओढत घेऊन गेला.

ट्रक लागतात त्या फलाटाच्या टोकाशी पॅलेटची एक फळी सरकली. इंद्रभाननं ती पायानं आत लोटायला पाऊल पुढं केलं. त्याच क्षणी भार खाली आला. मोठा आवाजही झाला नाही. फुस्स झालं, जसं सायकलच्या ट्यूबमधून वारं जातं, आणि बावीस पोती टीचभर खाली बसली. त्या टीचेमध्ये त्याचं पाऊल होतं.

अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी पुढचं अर्धं पाऊल काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिवाजीनं पंप खोलला. सील काढलं आणि काट्यावर माझ्या टेबलावर ठेवलं. तेलाची खूण एका बाजूला होती, ओठ दुसऱ्या बाजूला.

"नानाजी, डोयानं पाहून सांगा. ओठ कोनत्या अंगाले हाय?"

मी सांगितलं. तो खुर्चीवर बसला नाही, खाली फरशीवर बसला.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. इंद्रभान खाटेवर पडून होता, पायावर बँडेजचं भलं मोठं गाठोडं. बायको बेबीताई उशाशी. तिला त्यानं औषध आणायच्या निमित्तानं बाहेर पाठवलं. भिवाजीनं तोंड उघडायच्या आतच तो बोलला.

"मी टोळीले सांगतलं. तीस पोते टाकले होते म्हनलं, मस्ती केली म्हनलं, पाय बी मीच घातला म्हनलं."

"बावीस होते. मी मोजले होते."

"तीस होते."

"इंद्रभान, सील उलटं बसलं होतं. माह्या हातानं."

"मले मालूम हाय," इंद्रभान म्हणाला. "तो आवाज ऐकला तवाच समजलो. आता चूप बस. माहा पाय गेला. तुहे हात काहून घालवतं?"

भिवाजी तिथं ढसाढसा रडला. इंद्रभान त्याला म्हणाला, "रडू नको, बाजूच्या खाटेवाल्याले वाटन मी मेलो." त्या माणसाचा स्वभाव पाहा. अर्धं पाऊल गेलेलं, आणि समजूत दुसऱ्याची घालतो.

पण त्या खोट्यात एक गोम होती, जी इंद्रभाननं दुखण्याच्या भरात ध्यानात घेतली नव्हती. हमाल टोळीचा एक जुना कायदा आहे. कागदावर नाही, पण कोर्टाच्या कायद्याहून पक्का. काम करताना माणूस जायबंदी झाला तर त्याची जागा घरच्या माणसाला मिळते. बाईमाणूस असेल तर पोत्यांची तोंडं शिवायचं काम देतात, टोळीच्या कमाईत तिचा वाटा राहतो. पण ज्यानं मस्ती करून, नियम मोडून स्वतःला लावून घेतलं, त्याची जागा खुली. ती बाहेरच्याला जाते. मागं एकानं चालत्या ट्रकवर उडी मारली होती, त्याच्या घरच्यांना टोळीनं हात जोडून परत पाठवलं होतं. मी पाहिलं आहे.

तीस पोती हीसुद्धा मस्तीच. बेबीताई मुकादमाकडे काम मागायला आली तेव्हा तिला हे कळलं. इंद्रभानच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. मुकादम गोविंदसिंग भला माणूस, पण तोही काय करणार? म्हणाला, "ताई, शुक्रवारी टोळी बसन. टोळी म्हनन तसं."

शुक्रवारी दुपारी जेवणानंतर टोळी पोत्यांवर बसली. चौदा माणसं. बेबीताई दाराशी, पदर डोक्यावर घेऊन. इंद्रभान घरी खाटेवर. गोविंदसिंगनं विचारलं की कोणाला काही बोलायचं आहे का. रामकिसन म्हणाला, इंद्रभाननं आपल्या तोंडानंच कबूल केलं, आता काय बोलाचं.

भिवाजी उठला. ते सील त्यानं गोविंदसिंगच्या समोर ठेवलं.

"बावीस पोते होते. सील मी उलटं बसवलं."

टोळीला खरं वाटेना. एक जण म्हणाला, "भिवाजी दोस्ती निभावून राह्यला." दुसरा म्हणाला, "हा अन् उलटं सील? ह्याले झोपेत उठवा, सुलटं बसवन." गोविंदसिंगही म्हणाला, "भाऊ, तुहं मन आमाले समजते. पन खोटं बोलून बेबीताईचं भलं कराले टोळी हाय का?"

आता हे ऐका. खरं बोलणाऱ्याला खोटा ठरवायला चौदा माणसं बसलेली, आणि तीही प्रेमानं.

भिवाजीनं पोतं शिवायचा दाभण उचलला आणि गोविंदसिंगच्या हातात दिला. स्वतःचा उजवा हात पुढं केला, तळवा वर. डोळे मिटले.

"टोच. लागलं की मी सांगतो."

"पागल झाला का बे?"

"टोच म्हनतो ना, मुकादम."

गोविंदसिंगनं भीत भीत अंगठ्याच्या पेराला दाभणाचं टोक लावलं. भिवाजी गप्प. त्यानं जरा दाबलं. भिवाजी गप्प. मग तर्जनीला टोचलं, जरा जोरानं. अंगठ्यावर रक्ताचा थेंब उभा राहिला, तर्जनीवर दुसरा. भिवाजी डोळे मिटूनच होता.

"टोच ना," तो म्हणाला, "काहून थांबला?"

गोविंदसिंगनं दाभण खाली ठेवला. रामकिसननं डोक्याचा रुमाल काढला आणि भिवाजीच्या बोटांना गुंडाळला, तेव्हा भिवाजीनं डोळे उघडले आणि रुमालाकडे पाहत राहिला.

टोळीनं इंद्रभानची जागा बेबीताईला दिली. सोमवारपासून ती कामावर आली.

भिवाजीला कोणी जा म्हटलं नाही. मालकानं तर चार दिवसांनी निरोप पाठवला की ट्रॉली पडून आहे, येऊन पाहा. तो गेला नाही. पान्यांची पिशवी त्यानं गोविंदसिंगकडे दिली. अकोल्याहून कोणी मिस्त्री येऊन सील बसवून गेला, ट्रॉली चालते आहे.

तुम्ही म्हणाल, चला, बेबीताईचं काम झालं, खऱ्याचं खरं झालं, आता दोघं म्हातारे ओट्यावर बसून हसत असतील. मलाही तसंच वाटलं होतं. पण इंद्रभाननं भिवाजीला दाराबाहेरून परत पाठवलं. एकदा, दोनदा, तीनदा. अंगणात चप्पल वाजली की काठीनं दार लोटून घ्यायचा. बेबीताई मधे पडली तर तिलाही बोलला.

मी गेलो समजूत घालायला. खाटेवर बसलेला, पाय उशीवर. मला चहा दिला, गोदामातल्या गोष्टी विचारल्या, रामकिसनची नक्कल करून मला हसवलं. मी भिवाजीचं नाव काढलं तशी मान फिरवली. आणि मग म्हणाला, "नानाजी, त्याले माहा निरोप सांगा. म्या त्याचे हात वाचवासाठी चौदा लोकाइत सोताले मस्तीखोर म्हनवून घेतलं. जिंदगीत एकच गोष्ट मांगतली त्याले, चूप बस म्हनलं. तेवढं बी त्याच्यानं झालं नाई. चौदा लोकाइत त्यानं हात पुढं केला अन् आपले हात आपनच तोडून टाकले. आता मी ह्या पायाकडे पाहून कायचं समाधान मानू? पाय कायच्यासाठी गेला माहा?"

याचं उत्तर तुम्हाला सुचत असेल तर सांगा.

निरोप घेऊन मी भिवाजीकडे गेलो. तो अंगणात भागिरथाला तुरीच्या शेंगा सोलू लागत होता. शेंग सोलली की दाणा हातातून निसटायचा आणि त्याला कळायचं नाही, भागिरथा न बोलता खालून उचलून सुपात टाकायची. मी इंद्रभानचा निरोप शब्दाला शब्द सांगितला, काहीही गाळलं नाही. भिवाजीनं पूर्ण ऐकून घेतला. मग मान वर न करता म्हणाला, ते जसंच्या तसं सांगतो:

"त्याले सांगा, नानाजी, राग धर म्हना, पाह्यजे तेवढा धर. पन बेबीताई सकाळी कामाले जाते तं तिचा डबा त्यानं भरून देला पाह्यजे, भाकर त्याले चांगली येते, मी खाल्ली हाय त्याच्या हातची. अन् पायाची पट्टी ओली झाली तं लगेच बदल म्हना, तशीच ठेवू नको. मी जाऊन सांगतलं असतं, पन तो दार लोटून घेते, अन् उठाले त्याले तरास होते, म्हनून तुमाले सांगून राह्यलो."